उठवणीचं नाव

सातारा
रविवार, २१ जुलै

दादा,

तीर्थरूप वगैरे लिहिलं असतं तर तू पहिल्याच ओळीला पाकीट बंद केलं असतंस, म्हणून नुसतं दादा. तीन वर्षांनी लिहितेय. फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच.

माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. वहिनीचा लावला तर ती दोन शब्द बोलते आणि "हे आलं" म्हणून ठेवते. पोस्टानं टाकलं तर चार दिवस जातील, आणि आपल्या हातात चार दिवस आहेत असं मला वाटत नाही. म्हणून स्टँडवर जाऊन हे सांगलीच्या गाडीच्या कंडक्टरकडे देणार आहे. तो फाट्यावरच्या टपरीत ठेवेल, तिथून आपल्या गल्लीतल्या चंद्राकाकू आणून तुला देतील.

काकूंवर रागावू नकोस. त्या आधी तुझ्याच दारात आल्या होत्या. आज सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. म्हणाल्या, "अंकिता, काळीबाई उसात आलीया गं. म्हसोबाच्या अलीकडं. बांधावर मान ताठ करून हुबी हुती, मी माज्या डोळ्यानं बघितली. धनाजीला म्हटलं, चल, तू बघ. तर तो म्हणतोय, काकू, मी बघणार न्हाई. बघितली तर सांगावं लागंल."

चहा तसाच राहिला.

राजनंदिनीला तू यातलं काही सांगितलं नसशील. दहा वर्षांची झाली ती. हे पत्र तिच्या हाती लागलं तर लागू दे, म्हणून तुला पाठ असलेलंच पुन्हा लिहिते. नंदे, आपल्या डोहाच्या काठच्या देवनळात, त्या उंच बोरूच्या गवतात, एक काळं पाखरू राहतं. बगळ्याच्या जातीचं, पण बगळ्यासारखं उघड्यावर कधी न येणारं. पुस्तकात त्याला काळा तापस म्हणतात. पक्षी बघणारे लोक लांबून गाड्या करून येतात आणि आठ-आठ दिवस बसून हात हलवत परत जातात. गावात तिला काळीबाई म्हणायचं. तिचं खरं नाव उठवणी, पण ते कुणी उगाच तोंडातून काढत नसे. ते घ्यायचा मान आपल्या घरचा, आणि तोही एकाच माणसाचा. आधी तुझे पणजोबा, मग तुझे आजोबा, म्हणजे आमचे आबा. देवनळात पाणी चढून तिचं घरटं बुडालं की ती वर सरकते. म्हसोबाच्या दगडाच्या अलीकडे आली की तीन-चार दिवसांत नदी गल्लीत. तुझे आजोबा स्वतः जाऊन बघायचे आणि मारुतीच्या वरच्या पायरीवर उभं राहून तीनदा तिचं नाव घ्यायचे. ते ऐकलं की गोठ्यातली दावी सोडायची आणि माळावर चालू लागायचं. का म्हणून विचारायचं नाही.

२०१९ ला सगळा कृष्णाकाठ बुडाला. आपल्या कासारडोहातलं करडूसुद्धा गेलं नाही. आबांनी नाव घेतलं आणि अख्खं गाव उठलं.

२०२१ ला आबांनी नाव घेतलं आणि कुणी उठलं नाही. मग ते दारोदार फिरले, आणि संध्याकाळी ओढ्यात सापडले.

दहाव्याला तू चारचौघांत मला म्हणालास, "आबाचं नाव तू इकलंस. परत गावात पाय ठिवू नगंस." मी म्हणाले होते की मी फक्त एक रकाना भरला. आजही तेच म्हणते. पंचायतीची जैवविविधतेची नोंदवही भरायचं काम शाळेनं माझ्याकडे दिलं, कारण मी जीवशास्त्राची बाई आणि त्याच गावची लेक. स्थानिक नाव: उठवणी. अर्थ: उठवणारी. पुढचा रकाना होता उपयोगाचा. बरोबरच्या सरांनी विचारलं, "खातात की औषधाला लागते?" मला हसू आलं. मी लिहिलं, पुराआधी गावाला सावध करण्यासाठी. एवढंच.

दादा, तू जा आणि बघ. नुसतं बघ. मला भीती वाटतेय आणि ती मी लपवणार नाही. राजनंदिनीची खाट नदीकडच्या खोलीत आहे, खालच्या मजल्यावर.

अंकिता


सातारा
सोमवार, २२ जुलै

दादा,

पत्र तुझ्या शर्टाच्या खिशात आहे आणि फोडलेलं नाही, असं काकू म्हणाल्या. फौजेत तुला पत्रं यायची तेव्हा तू बराकीच्या दारातच फोडायचास, असं तूच सांगायचास. असो. हे दुसरं. दोन्ही एकदम फोड.

इथे पाऊस थांबत नाही. अजिंक्यतारा दोन दिवस दिसलेला नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकच, कोयनेतून किती सोडलं, सांगलीला पाणी किती फुटांवर. मी सरपंचांना फोन केला. धैर्यशील शाळेत माझ्या वर्गात होता, मी त्याला भूमितीची गाईड द्यायचे, तर म्हटलं ऐकेल. तो म्हणाला, "ताई, पाणी अजून पात्रात हाय. इशारा पातळीला लय अवकाश हाय. पाखरू बघून गाव हलवला तर लोकं मला खुळ्यात काढतील." मग जरा हसला आणि म्हणाला, "आन तुमचा तो व्हिडिओ हायच की. स्पीकरवर लावू का?"

त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण फोन ठेवला आणि मी तशीच हे लिहायला बसले.

कालच्या पत्रात मी खोटं लिहिलं. एक रकाना नव्हता, दादा. तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे, तरी मी ते तीन वर्षं म्हणत आले.

२०१९ च्या पुरानंतर पेपरवाले आले, पक्षीवाले आले, सगळे मला फोन करायला लागले. मला आवडत होतं ते. सातवीच्या वर्गाला वटवाघूळ शिकवणाऱ्या बाईला कोण विचारतं? मग साताऱ्याच्या त्या कार्यक्रमात मला बोलावलं. सभागृह भरलेलं. मी नावाचा अर्थ सांगितला, रीत सांगितली. शेवटी कुणीतरी म्हणालं, बाई, ते म्हणतात कसं ते करून दाखवा ना. आणि मी दाखवलं. पदर खोचला, तोंडाशी हात धरला, आणि आबांच्या चालीत, आबांच्या आवाजात, तीनदा घेतलं ते नाव. आवाज आपल्या घरचाच आहे, घशातून तसाच निघतो. लोक उभे राहिले. मी दोन वेळा घेतलं, दादा. टाळ्या थांबेनात म्हणून पुन्हा घेतलं.

त्याचा व्हिडिओ झाला. पहिला तुलाच पाठवला होता. तू तेव्हा सिक्कीमला होतास. तू लिहिलंस, "अंके, लय भारी, डिट्टो आबा."

मग तू रिटायर होऊन आलास. पुढचं तुझ्या डोळ्यांदेखत झालं, मी इथून ऐकत होते. पोरांच्या क्रिकेट टीमचं नाव उठवणी. हायवेवरच्या धाब्याचं नाव उठवणी. लग्नाच्या वरातीत डीजेवर तो आवाज. कुणी उशिरा झोपलं की मोबाइल कानाशी नेऊन वाजवायचा आणि खो खो हसायचं. आबा मला फक्त एकदा म्हणाले, "पोरी, झिजतंय गं ते." मला वाटलं म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी असतं.

त्या सकाळी साडेपाचला आबा पायरीवर उभे राहिले तेव्हा गावानं ऐकलं. प्रत्येकानं ऐकलं. आणि प्रत्येकाला वाटलं, कुणाच्या तरी फोनवर मी वाजतेय.

हे मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही. ह्यांनाही नीट सांगितलेलं नाही.

आता मला कशाची भीती वाटते तेही सांगते. ती खरंच आली असेल आणि तू बघायला गेला नाहीस तर, ही एक. तू बघितलंस, पायरीवर उभा राहिलास, आणि पुन्हा कुणी उठलं नाही, ही दुसरी. मग तू काय करशील ते मला माहीत आहे. तू आबांचाच मुलगा आहेस. दारोदार फिरशील.

जेवण जात नाही. पाण्याचा आवाज आला की बादली भरून वाहत असली तरी दचकायला होतं.

अंकिता


उंब्रज, एसटी स्टँड
मंगळवार, २३ जुलै, दुपार

दादा,

मी निघाले होते. शाळेत रजा टाकली, दोन साड्या पिशवीत कोंबल्या आणि साडेदहाच्या सांगली गाडीत बसले. ठरवलं होतं, तू दारातून हाकललंस तरी अंगणात बसायचं. इथे गाडी थांबली तेव्हा पुलावरून पाणी बघितलं. मातकट, फेसाळ, आणि एक अख्खं शेवग्याचं झाड त्यातून सरळ उभं चाललेलं. त्या पाण्याला आपल्याकडे पोचायला किती वेळ लागेल याचा मी हिशोब करायला लागले. पिशवी घेऊन खाली उतरले. कारण विचारशील तर घाबरले. नदीला घाबरले, तुला घाबरले, आणि मारुतीच्या त्या पायरीला तर सगळ्यात जास्त. कंडक्टर म्हणाला, "बाई, तिकीट सांगलीचं हाय की." मी म्हटलं, असू दे.

मागून सांगलीची दुसरी गाडी येईल, तिच्या कंडक्टरकडे हे देते. बाकावर बसून लिहितेय, शेजारी एक बाई कोंबडी घेऊन बसलीय आणि कोंबडी माझ्या पदराला चोच मारतेय.

काकूंचा सकाळी फोन आला होता. तू दोन्ही पत्रं वाचलीस म्हणे, आणि गोठ्यात जाऊन बसलास. आणि काळीबाई आज उसातून पुढे सरकून शाळेमागच्या चरात उतरलीय. बरोबर एक पिल्लू आहे, उडता न येणारं. दादा, पिल्लू घेऊन ती कुत्र्यामांजरांच्या तोंडी उगाच येत नसते. हे मी जीवशास्त्राची बाई म्हणूनही सांगते आणि आबांची लेक म्हणूनही सांगते.

अजून एक राहिलंय. हे तुलाही माहीत नसेल, किंवा असेल आणि तू मला म्हणाला नसशील.

राजनंदिनीसाठी रीत लिहिली त्यात मी एक गोष्ट गाळली. नोंदवहीत गाळली, स्टेजवर गाळली, परवाच्या पत्रातही गाळली. आबा नाव घ्यायच्या आधी चूल विझवायचे. अंगणातली, आंघोळीच्या पाण्याची, गल्लीतून सगळ्यांना दिसणारी. नदीवरून येऊन कुणाशी न बोलता पेटत्या चुलीवर कळशीभर पाणी ओतायचे. पांढरा लोट वर जायचा. मग पायरीवर. आपल्या हातानं आपली पेटती चूल कुणी गंमत म्हणून विझवत नाही. लोक नाव ऐकून आधी आपल्या अंगणाकडे बघायचे. लोट दिसला की दावी सोडायचे. नावाचा उपयोग तोंडात अर्धाच होता, अर्धा त्या चुलीत होता. मला ते तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, ही आबांची आपली हौस. आणि स्टेजवर चूल कुठून आणणार?

आणि २०२० च्या दिवाळीत ती चूल मी काढली. आबांना खोकला होता, धूर सोसत नव्हता, म्हणून मी सोलर बसवून दिला. कौतुकानं. चूल माझ्या हातांनी फोडली. माती परसात टाकली. पुढच्या पावसाळ्यात तिच्यावर भोपळ्याचा वेल चढला, तू मला फोटो पाठवला होतास.

काकूंनी मला दहाव्यानंतर फोनवर सांगितलं. त्या सकाळी आबा नदीवरून आले, कळशी भरून घेतली आणि चुलीच्या जागी येऊन उभे राहिले. बराच वेळ उभे होते. मग कळशी तशीच खाली ठेवून पायरीकडे गेले.

मला हे कुणालाही सांगता आलं नाही, दादा. तू म्हणालास मी नाव विकलं. नाव तर विकलंच, चूलही मीच फोडली.

आता ऐक. तू नाव घेऊ नकोस. त्या नावानं आता कुणी उठणार नाही, ते मी संपवलं. तू सकाळी उजेडात जा, बघ, परत ये. घरातली गॅसची शेगडी उचल आणि डोक्यावर घे. वहिनीनं आणि राजनंदिनीनं तुझ्या मागून चालायचं. जनावरं पुढे घाल. गल्लीच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत चालत जा आणि मग माळावर. कुणाशी बोलू नकोस. कुणी विचारलं तर उत्तर देऊ नकोस. गावात साठीच्या पुढची माणसं अजून आहेत. त्यांना कळेल.

नाही कळलं तर निदान तुम्ही तिघं तरी वर असाल. हे स्वार्थी आहे. असू दे.

कंडक्टर आला.

अं.


सातारा
गुरुवार, २५ जुलै

दादा,

हे कुणाकडे देऊ?

कालपासून काकूंचा फोन लागत नाही. वहिनीचा लागत नाही. धैर्यशीलचा लागतो आणि कुणी उचलत नाही. सांगलीच्या गाड्या बंद केल्यात. स्टँडवर सकाळी गेले, दुपारी गेले, आत्ता जाऊन आले. चौकशीच्या खिडकीतला माणूस मला आता ओळखतो, मी काचेपाशी पोचायच्या आधीच मान हलवतो. शाळेला सुट्टी दिली. मी वर्गात जाऊन एकटीच बसले होते, घरात बसवेना.

टीव्हीवर होडी दाखवतात आणि नुसतं पाणी. कुठल्या गावाचं ते खाली लिहिलेलं असतं, ते मी वाचेपर्यंत बदलतं. एका चित्रात मारुतीचं देऊळ होतं, अर्धं पाण्यात. आपलं नव्हतं. आपल्या कळसाला चुना आहे, त्याला रंग होता. मी तीन वेळा बघितलं.

काल तू गेलास का नदीवर? पत्र पोचलं का? कंडक्टरनं टपरीत ठेवलं असेल, पण टपरी उघडी होती का? मी उंब्रजला उतरले नसते तर आज मला सगळं माहीत असतं. मी तिथे असते. पाण्यात असते तरी चाललं असतं, पण हे असं नको.

ह्यांनी मघाशी माझा फोन काढून घेतला. मी एकसारखी लावत होते. मी ओरडले त्यांच्यावर. मग त्यांनी परत दिला आणि शेजारी बसून राहिले.

दादा, तुला माझा राग आलेला चालेल. जन्मभर पाय ठेवू देऊ नकोस. फक्त तुम्ही सगळे जिवंत असा.

अंकिता

हे पत्र माझ्या पर्समध्येच आहे. गाडी सुटली की देईन.


तासगाव
रविवार, २८ जुलै

अंके,

आमी समदी हाय. हे आधी वाच, मग खाली बस आन बाकीचं वाच.

फोन समदे पाण्यात गेल्यात न्हाईतर चार्जिंगबिगर मेल्यात. आज एका द्राक्षवाल्याच्या गाडीवर चार्जिंग लावलंय, पर तुझ्याशी बोलायला मला जमणार न्हाई म्हणून लिवतोय. तू लिवलंस तसं मलाबी लिवताच येतंय, तोंडानं न्हाई. गाव सगळा इकडं तासगावात बेदाण्याच्या शेडात हाय. शेडं सध्या रिकामी हायत, मालकानं उघडून दिली. बेदाणं वाळवायच्या जाळ्यांवर गोधड्या टाकून पोरं झोपत्यात. राजनंदिनी म्हणती, आमी मनुका झालो.

तुझं तिसरं पत्र मंगळवारी दिवस मावळायच्या आत मिळालं. बुधवारी फटफटलं तसा मी गेलो. बघितली. चरातनं वर आली हुती, शाळंच्या पायरीखाली पिल्लाला घिऊन बसली हुती. माज्याकडं बघून हालली सुदिक न्हाई. मी आबाला लय शिव्या दिल्या तिथं उभं राहून. मग घरी आलो आन शेगडी उचलली.

अंके, गॅसची शेगडी डोक्यावर घिऊन गल्लीतनं चालणं म्हंजे काय असतं ते तुला कळायचं न्हाई. एकवीस वर्सं फौजेत काढली, यवडी लाज कवा वाटली न्हवती. तुझी वहिनी मागनं भांड्याचं गठुळं घिऊन. पोरीच्या हातात लायटर. पोरं हसाय लागली. धैर्यशील दात घासत दारात हुता, म्हणला, "आरं धनाजी, वड्याची गाडी टाकतूस काय?" मी बोललो न्हाई. तू म्हणली हुतीस बोलू नगं. नायतर त्याला तिथंच आडवा केला असता.

खालच्या टोकापतूर गेलो. कुणी हाललं न्हाई. म्हटलं झालं, आबावानी आपलं. आन मागं वळलो तर चंद्राकाकू अंगणात. तिची चूल अजून हाय, तुला ठावं हाय. तिनं माज्या डोक्यावरच्या शेगडीकडं बघितलं, आत गेली, कळशी आणली आन पेटत्या चुलीवर ओतली. लोट असा वर गेला. मग पलीकडनं साळूबाईनं ओतली. तिची न्हवतीच पेटलेली, तिनं राखंवरच ओतली. म्हातारी माणसं पहिली उठली. त्येंनी पोरांच्या कानाखाली वाजवून त्येंना उठवलं. दुपारी दोनपतूर गाव माळावर. धैर्यशीलनं मग टेम्पो बोलावलं, ते त्यानं चांगलं केलं, खरं ते सांगाय पायजे.

गुरुवारी सांजच्याला पाणी मारुतीच्या चौथ्या पायरीला. राजनंदिनीची खोली छतापतूर भरली. माणूस एक न्हाई गेलं. कोंबड्या गेल्या दोन, त्याबी धैर्यशीलच्या.

आता माजं ऐक. तुझी तीन पत्रं मला मिळाली. तिन्हीत तू तुझं समदं वतलंस. माजं मी तीन वर्सं दाबून धरलंय.

तुझा तो व्हिडिओ आला तवा मी सिक्कीमला हुतो. त्यातला आवाज काढून मी तुझ्या नंबराला लावला. बाकी कुणाचा फोन आला की साधी घंटी, तुझा आला की तो आवाज. पोस्टवर पोरं म्हणायची, हवालदार, बहिणीचा फोन आला, उठा. लय अभिमान हुता मला. रिटायर होऊन घरी आलो तरी तोच.

त्या सकाळी मी माडीवर झोपलो हुतो. आबानं पयल्यांदा नाव घेतलं, मला ऐकू आलं. मला वाटलं अंकीचा फोन आला. दुसऱ्यांदा घेतलं तवा मी डोळं मिटूनच हात घालून उशाखाली फोन चाचपला. तिसऱ्यांदा घेतलं तवा फोन घावला, आन मी तो न बघताच गप करायला बटण दाबलं आन कूस बदलली. म्हटलं उठल्यावर लावू तिला.

गाव उठला न्हाई म्हणून आबा गेला असं मी दहाव्याला म्हणलो. गावातला पयला मी हुतो न उठलेला. आबाच्या डोक्यावरच माडी हुती माजी. मी उठलो असतो तर दोघं फिरलो असतो, आन ओढ्याला आबाला वढता आलं नसतं.

मग तुला नाव ठिवलं. कुणाला तरी ठिवायचं हुतं. तुझा नंबर बंद केला त्यो रागानं न्हाई अंके. तू फोन करशील आन तो वाजंल, ह्याचं भ्या वाटायचं मला. फौजेतला माणूस मी, आन फोनला भ्यायचो.

तू लिवलंस मी चूल फोडली, मी नाव संपवलं. काकू काल म्हणली ते सांगतो. म्हणली, "नाव न्हाई संपत रं. बिनचुलीचं घेतलं की ते नुसतं पाखराचं नाव असतंय, यवडंच." म्हातारी चार यत्ता शिकल्याली न्हाई.

पाणी उतरलं की अंगणात चूल घालायची हाय. गाळाची माती लय चांगली मिळंल. तुझी वहिनी म्हणती, मी घालणार न्हाई, काढली ज्यानं त्यानं घालावी. तवा तू ये. उंब्रजला उतरू नगं.

आन अजून एक. आज सकाळी तुझा नंबर मोकळा केलाय. आवाज बदलल्याला न्हाई, तोच हाय. शेडात समदी हायत, फोन चार्ज हुईल दुपारपतूर, मग माज्या खिशातच असंल.

तू लाव. मी उठतो.

धनाजी